सतरा क्रमांकाची चकती

"स्पर्धेच्या दिवशी, अगदी अखेरच्या क्षणी, चाळीस क्रमांकाच्या गाडीच्या इंधनपुरवठ्यात अनपेक्षित दोष उद्भवला. चालकाच्या जावयांनी तो एकट्याने, अवघ्या बारा मिनिटांत शोधून दूर केला. मंडळ त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करते."

हा मजकूर मोटार मंडळाच्या वार्षिक अहवालात एकोणिसाव्या पानावर छापलेला आहे. त्यातले अभिनंदन सोडले तर उरलेल्या दोन वाक्यांत खरा शब्द शोधायला भिंग घेऊन बसावे लागेल. दोष स्पर्धेच्या दिवशी निर्माण झाला नाही. तो त्याआधीच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी निर्माण झाला. तो अनपेक्षित नव्हता, कारण त्याची लेखी नोंद होती. आणि तो 'उद्भवला' तर मुळीच नाही. तो पांढरे हातमोजे घालून बसवण्यात आला, त्याला क्रमांक देण्यात आला आणि त्याची दोन बाजूंनी छायाचित्रे काढण्यात आली. 'एकट्याने' आणि 'बारा मिनिटांत' या दोन दाव्यांची गत याहून वाईट आहे. ती यथावकाश कळेल. हा मजकूर ज्या गृहस्थांनी लिहिला ते घटनास्थळी सात पावलांवर उभे होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीवर विश्वास ठेवून इतिहास लिहिणाऱ्या सर्वांनी या सात पावलांचा विचार करावा.

चुकीच्या माणसाचे कौतुक झाले, एवढ्यावर हे प्रकरण मिटले असते तर त्याची दखल घ्यायचे कारण नव्हते. परंतु ज्यांचे आभार मानायला हवे होते ती माणसे त्या अहवालात कुठेच नाहीत. म्हणून घडले ते क्रमाने सांगणे भाग आहे.

गाडी सासऱ्यांची होती. दोन दारांची, जमिनीलगत बसलेली, रंगाने राखी आणि आवाजाने मुळीच राखी नसलेली. सासऱ्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, आणि वर्षातून एकदा, बेचाळीस वर्षे न चुकता, ते शहराबाहेरच्या डोंगरावरची चढणीची शर्यत धावले होते. मंडळाच्या नियमानुसार पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्या चालकाला चढणीवर प्रवेश नाही. सासऱ्यांना सोमवारी पंचाहत्तर पूर्ण होणार होती. शर्यत रविवारी होती.

गेल्या वर्षी त्यांनी गाडीला मोठा टर्बो बसवून घेतला होता. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवा आली की जास्त पेट्रोल लागते, नाहीतर इंजिन उपाशीपोटी धावते आणि आतून भाजून निघते. जुन्या पंपाला एवढे पेट्रोल पुरवणे झेपेना. त्यामुळे गेल्या वर्षीची चढण सासरे अर्धाच पाय दाबून चढले होते, आणि ते अर्धे दाबणे त्यांच्या मनात वर्षभर सलत राहिले होते. नवा पंप, पेट्रोल फवारणारे नवे इंजेक्टर, जाड नळ्या, फिल्टर आणि प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर असा संपूर्ण संच त्यांनी मागवला तो एवढ्यासाठीच.

"एकदा," ते म्हणाले होते, "पायथ्यापासून माथ्यापर्यंत, पाय पूर्ण दाबून. मग गाडी कोणालाही द्या."

परंतु गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नव्हते, आणि टाकीतला पंप बदलायचा तर गाडीशी लोळणफुगडी घालावी लागते. ते काम जावयांनी अंगावर घेतले. जावई संग्रहालयाच्या जतन विभागात होते. जुन्या वस्तूंना हात न लावता हात कसा लावायचा, ही त्यांची विद्या. वस्तूबरोबर जे आले ते वस्तूचाच भाग. त्याचे प्रयोजन कळेपर्यंत ते काढायचे नाही, हा त्या विभागाचा पहिला नियम. एका लाकडी पेटीवरचा चिखल जावयांनी अकरा महिने जपला होता, आणि शेवटी तो चिखल पेटीहून जुना निघाला. त्या दिवसापासून त्यांचा नियमावरचा विश्वास धर्मश्रद्धेच्या जवळ गेला होता.

त्यांची पत्नी, म्हणजे सासऱ्यांची एकुलती मुलगी, एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होती. ती बोलू लागली की समोरचा माणूस नकळत रांगेत उभा राही. हे जोडपे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असे आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सासऱ्यांना भेटायला येत असे. भेट पाऊण तासाची असे. त्यातली शेवटची दहा मिनिटे जावयांच्या हातात स्वतःच्या गाडीची किल्ली असे.

गुरुवारी मात्र दोघेही रजा काढून आले. इमारतीखालच्या, तीन बाजूंनी मोकळ्या पार्किंगमध्ये जावयांनी चादर अंथरली, आग विझवायची दोन नळकांडी डाव्या-उजव्या हाताला मांडली आणि संचाचे खोके उघडण्यापूर्वी एक जाड वही उघडली.

"सुरुवात कुठून करताय, जावईबापू?" सासऱ्यांनी खुर्चीत बसत विचारले.

"यादीपासून, बाबा."

"अहो, रविवारी शर्यत आहे," मुलगी म्हणाली. "यादी कशाला? पान्यापासून सुरुवात करा."

"यादी नसेल तर काय हरवलं ते कसं कळणार?"

"काही हरवलं नाहीये अजून."

"तेच. कळणारच नाही."

संचात एकतीस भाग होते. प्रत्येकाला कागदी चिठ्ठी बांधण्यात आली. नळ्यांच्या आणि पंपाच्या उघड्या तोंडांवर कारखान्याने धूळ जाऊ नये म्हणून लाल प्लास्टिकची टोपणे लावली होती. जी बाहेर डोकावत होती ती जावयांनी, जड अंतःकरणाने, काढून पाकिटात घातली. परंतु फिल्टरच्या पुढच्या बाजूला अंगठ्याएवढी एक धातूची जोडणी होती आणि तिच्यात टोपण बाहेरून नव्हते. आत, भिंतीशी घट्ट बसलेली एक लाल चकती होती. तिच्या मधोमध सुईने पाडावे तसे छिद्र होते. जावयांनी ती भिंगातून पाहिली. त्यांच्या डोळ्यांसमोर पेटीवरचा चिखल उभा राहिला असावा.

"हे आवरण नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "हे अंगभूत आहे. छिद्र बघा किती विचारपूर्वक पाडलंय. बाबा, तुम्ही बघता का?"

सासऱ्यांनी चष्मा पुसला, जोडणी उजेडात धरली, आणि बराच वेळ पाहिली.

"जावईबापू," ते म्हणाले, "इतकं नीटनेटकं काम करणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही."

वहीतली नोंद अशी आहे: "भाग क्र. १७. लाल चकती, जोडणीच्या आत. मध्यभागी सूक्ष्म छिद्र. प्रयोजन अज्ञात. मूळ स्थितीत जतन. वेळ ११.१०." अहवालाच्या लेखकाने ही वही मागून घेतली असती तर त्याला अर्धे पान खरे लिहिता आले असते.

संध्याकाळपर्यंत अर्धे काम झाले. मुलगी पर्स उचलून निघण्याच्या तयारीत उभी राहिली, तेव्हा जावयांनी मान हलवली. उघडलेली वस्तू रात्रभर एकटी सोडायची नाही, हा जतन विभागाचा दुसरा नियम होता.

"म्हणजे काय, राहायचं?" मुलीने विचारले.

"नियम आहे."

"गाडीला कोण पळवून नेणार? तिला पेट्रोलची टाकी नाहीये!"

"राहा ना," सासरे घाईघाईने म्हणाले. "मागच्या खोलीत सगळं तयारच असतं. आणि खरंच, फार आभारी आहे."

शुक्रवारी दुपारी संच बसवून झाला. टाकीत पेट्रोल घातले, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. मुलीने टाळ्या वाजवल्या. जावयांनी वहीत वेळ लिहिली. इंजिन जागच्या जागी इतके शांत चालत होते की त्याच्यावर पाण्याचा पेला ठेवावा. चकतीच्या सुईएवढ्या छिद्रातून जेवढे पेट्रोल जात होते तेवढे इंजिनाला उभे राहायला पुरत होते. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, जावयांनी पाय दाबला, आणि गाडीने दोन उचक्या देऊन प्राण सोडला.

ती ढकलत परत आणल्यावर नाडीवैद्याला बोलावणे गेले. हा एक ट्यूनर होता. इंजिनाला किती पेट्रोल केव्हा द्यायचे हे लॅपटॉपवरून ठरवणे हा त्याचा धंदा. गाडीच्या पोटात वायर खुपसून तो पडद्याकडे डोळे मिटत-उघडत पाहत बसे, म्हणून शर्यतवाल्यांत त्याला हे नाव पडले होते.

"हे बघा, सर," त्याने आलेखावर बोट ठेवले. "उभी असली की प्रेशर झकास. पळायला लागली की घेरी येते. पंपाला वीज कमी पडतेय. वायर बारीक आहे."

"खात्री आहे?"

"सर, आलेख कधी खोटं बोलत नाही."

आलेख खोटे बोलत नव्हता. प्रेशर पडत होते हे खरेच होते. का पडते हे त्याला कोणी विचारले नव्हते. नाडीवैद्याने जाड वायर टाकली, पंपाला थेट बॅटरीवरून वीज देणारा वेगळा रिले लावला. आता पंप दुप्पट जोमाने पेट्रोल ढकलू लागला, चकती होती तिथेच राहिली, आणि मधल्यामध्ये कोंडलेल्या पेट्रोलने नळीच्या एका क्लिपमधून बारीक पिचकारी सोडली. जावई ओरडले, नाडीवैद्याने वायर उपटली, मुलीने नळकांडे उचलले. आग लागली नाही. परंतु वास उठला, आणि तो वाऱ्याबरोबर थेट तळमजल्यावरच्या दवाखान्याच्या खिडकीत शिरला.

पाचव्या मिनिटाला तोंडात कापसाचा बोळा धरलेला एक रुग्ण घाईने बाहेर पडला. त्याच्यामागून दंतवैद्य बाई आल्या. त्यांच्या हातात निळे हातमोजे होते.

"कोणी केलं हे?" त्यांनी विचारले. "माझा पेशंट अर्ध्या दाताने पळालाय!"

जावयांनी पांढरा हातमोजा घातलेला हात वर केला.

"अहो, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. संग्रहालयात असतो."

"मग तिथेच का नाही राहिलात?"

"या, या, डॉक्टर," सासरे खुर्चीतून अर्धे उठले. "बरं झालं आलात. वर्षानुवर्षं शेजारी राहतो, पण कधी बसणं झालं नाही. पोरी, वरून एक खुर्ची आण."

"काका, मी भांडायला आलेय."

"मग बसून भांडा ना. चहा ठेवायला सांगतो."

ज्या माणसाच्या शेवटच्या शर्यतीचा दोनच दिवस आधी असा विचका झाला आहे तो खुर्ची मागवतो, यापुढे बाईंचा राग टिकेना. दवाखाना हवेशीर व्हायला दोन तास लागणारच होते. त्या बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी गाडीखाली वाकून पाहिले, "अहो, इथून अजून झिरपतंय," म्हणाल्या, आत जाऊन एक चिमटा घेऊन आल्या आणि नवी क्लिप येईपर्यंत त्यांनी ती नळी अशी दाबून ठेवली की थेंब पडला नाही. ही घटना अहवालात नाही.

शनिवार हा दिवस वहीत नऊ पाने व्यापतो. रेग्युलेटर उलटा-सुलटा करून पाहिला. इंजेक्टर काढले, तपासले, लावले. नाडीवैद्याने स्वतःच्या घरून दुसरा पंप आणला. तो बसवायला टाकी रिकामी केली, आणि त्यानेही फरक पडेना म्हणून पुन्हा रिकामी करून पहिला बसवला. दरवेळी निघालेले पेट्रोल जावयांनी झाकणाच्या डब्यांत भरले आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या: "पेट्रोल, दुसऱ्या उपशातले. मिसळू नये."

"काय फरक आहे हो यात आणि पहिल्या उपशातल्यात?" नाडीवैद्याने विचारले.

"तेच अजून माहीत नाही."

"सर, तुम्ही घरी मीठ-साखर पण चाखून नाही बघत का? नुसती चिठ्ठी लावून ठेवता?"

"चिठ्ठी लावतात," मुलगी म्हणाली. "आणि मग सहा महिन्यांनी विचारतात, हे कोणी उघडलं?"

दुपारी गाडी पुन्हा चालवून पाहिली, आणि ती दवाखान्याच्या फाटकात आडवी होऊन थांबली. ना पुढे, ना मागे. रुग्णांना बॉनेटला वळसा घालून, कुंड्यांमधून वाट काढत आत जावे लागले. दंतवैद्य बाईंनी रुग्णांवर उपचार करता करता खिडकीतून सूचना देण्यास आरंभ केला. नाडीवैद्य म्हणाला, संचच बोगस आहे. जावई म्हणाले, संचाचा प्रत्येक भाग जसा आला तसा जपला आहे, दोष लॅपटॉपमध्ये आहे. नाडीवैद्य म्हणाला, माझ्या लॅपटॉपच्या वाट्याला जाऊ नका. मुलगी म्हणाली, दोघांनी भिंतीकडे तोंड करून पाच मिनिटे उभे राहावे. आणि, हे नोंदवणे आवश्यक आहे, ते दोघे उभे राहिले.

सासरे हे सर्व पाहत होते. आता पार्किंगमध्ये पाच खुर्च्या होत्या आणि एक स्टूल.

"आजचा दिवस फार छान गेला," ते म्हणाले.

"बाबा, गाडी बंद आहे," मुलगी म्हणाली.

"हो ना. तरीसुद्धा."

"उद्या शर्यत आहे! शेवटची!"

"होईल गं. तुम्ही सगळे इतकं करताय, मी कोणत्या शब्दांत आभार मानू?" आणि त्यांनी खरोखरच, एकेकाचे नाव घेऊन, आभार मानले. रुमालाने हात पुसणाऱ्या नाडीवैद्याला भरून आले.

"पंधरा वर्षं गाड्या करतोय," तो दंतवैद्य बाईंना हळूच म्हणाला. "गाडी बिघडल्यावर थँक्यू म्हणणारं हे पहिलं गिऱ्हाईक. देवमाणूस आहे."

"माझ्याकडे दात वाचला तरी म्हणत नाहीत," बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी पर्याय उरला नव्हता. गाडी डोंगराच्या पायथ्याशी नेऊन तिथे काही सुचते का पाहायचे, एवढेच हातात होते. नाडीवैद्य लॅपटॉप घेऊन सोबत निघाला. दंतवैद्य बाईंनी स्वतःच्या मोठ्या गाडीला दोर बांधला. "मी काही शर्यतीसाठी येत नाहीये," त्यांनी बजावले. "हे धूड माझ्या फाटकातून गेलेलं मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय." मग त्या ते धूड डोंगरापर्यंत ओढत घेऊन गेल्या, आणि परतल्या नाहीत. वाटेत मुलगी एक अक्षर बोलली नाही. तिला ओळखणाऱ्यांसाठी ही धोक्याची सर्वांत मोठी खूण होती. सासऱ्यांनी दोनदा घसा साफ केला; तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले; त्यांनी तिसऱ्यांदा केला नाही.

पायथ्याशी गाडी सुरू झाली, जागच्या जागी गोड गुणगुणली, तपासणीतून पार झाली आणि रांगेत लागली. अकरा वाजून आठ मिनिटांनी रांग सरकली, सासऱ्यांनी पाय किंचित दाबला, आणि गाडी मेली. मुख्य तपासनीस, म्हणजे पुढे जो अहवाल लिहिणार तोच माणूस, शिट्टी गळ्यात अडकवून आला.

"चाळीस नंबर, तुमची वेळ अकरा वीस. बारा मिनिटं आहेत. रेषेवर नसलात तर नाव कापणार."

"अहो, यांचं शेवटचं वर्ष आहे," जावई म्हणाले.

"सगळ्यांचं कधीतरी असतं," तपासनीस म्हणाला आणि सात पावले मागे जाऊन उभा राहिला.

सासऱ्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. चार दिवस ज्याने सगळ्यांना चहा पाजला त्या माणसाने स्टिअरिंग दोन्ही हातांनी असे धरले, जणू कोणीतरी ते काढून न्यायला आले आहे. ते पाहून मुलीने पतीच्या काखेतली वही ओढून घेतली.

"पुरे झालं. हजेरी घ्यायची," ती म्हणाली. "मी नंबर वाचते, ज्याच्या हाताशी असेल त्याने बोट ठेवून 'हजर' म्हणायचं आणि तो काय काम करतो ते सांगायचं. एक!"

"हजर," नाडीवैद्य म्हणाला. "पंप. पेट्रोल ढकलतो."

"दोन!"

"हजर. जाळी. कचरा अडवते."

बॉनेट उघडे, तीन माणसे वाकलेली, आणि हजेरी चालू. आजूबाजूचे चालक हेल्मेट काढून पाहू लागले. पंधरा हजर होता, सोळा हजर होता.

"सतरा!"

बोटे बॉनेटखाली नुसतीच फिरत राहिली.

"सतरा गैरहजर?"

"गैरहजर नाही," जावई म्हणाले. "आत आहे."

"कशाच्या आत?"

"जोडणीच्या."

"आणि आत काय करतो?"

जावयांनी ओठांवरून जीभ फिरवली. "प्रयोजन अज्ञात."

नाडीवैद्याने लॅपटॉप अतिशय सावकाश मिटला. "सर," तो म्हणाला, "पेट्रोल जायच्या वाटेत तुम्ही प्लॅस्टिकचं बूच ठेवलंय?"

"मी ठेवलेलं नाही. ते होतं. मी फक्त काढलं नाही."

"ते धूळ जाऊ नये म्हणून असतं, सर! ट्रकमधून येताना!"

"पण त्याला छिद्र आहे. विचारपूर्वक पाडलेलं..."

"अहो," मुलगी म्हणाली, आणि त्या एका शब्दापुढे छिद्राचा विषय संपला.

नाडीवैद्याने नळ्यांतले प्रेशर सोडले, फडके धरले, जोडणी उघडली. चकती दिसली; निघेना. नख लागेना. स्क्रू-ड्रायव्हरने ढकलली तर आणखी आत जाणार. सात मिनिटे उरली होती.

"बाजूला व्हा सगळे," दंतवैद्य बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलं, मी रोज काय करते?"

त्यांनी पर्समधून बारीक आरसा आणि आकडी काढली, निळे हातमोजे चढवले, जोडणीवर वाकल्या आणि सवयीने म्हणाल्या, "मोठा आ करा." मग आकडी छिद्रात घातली, मनगट किंचित फिरवले, आणि टक्क असा आवाज झाला. दोन पंप, जाड वायर, उलटासुलटा केलेला रेग्युलेटर आणि टाकीचे तीन उपसे यांनी जे झाले नाही ते झाले.

"दुखलं नाही ना?" असे त्या जोडणीला म्हणाल्या की सासऱ्यांना, याविषयी साक्षीदारांत एकमत नाही.

आता पुढचा क्षण महत्त्वाचा, कारण संपूर्ण अहवाल या एका क्षणावर उभा आहे. दंतवैद्य बाई हात पुसायला गेल्या. नाडीवैद्य जोडणी आवळायला गाडीखाली गेला. त्याचे फक्त बूट दिसत होते. मुलगी वडिलांचा पट्टा बांधायला आत वाकली. आणि जावई, लाल चकती पांढऱ्या हातमोज्यावर ठेवून, ती उजेडात धरून, एकटे उभे राहिले. मुख्य तपासनीसाने नेमके तेव्हाच आपल्या नोंदवहीतून मान वर केली. अकरा वाजून वीस व्हायला एक मिनिट कमी होते.

गाडी रेषेवर गेली. झेंडा पडला. पहिल्या वळणापर्यंत ती दिसली. मग फक्त आवाज. आवाज चढला, वळणावर श्वास घेतल्यासारखा थांबला, पुन्हा चढला. मुलगी बोटांवर वळणे मोजत होती. सातव्या वळणावर, जिथे गेल्या वर्षी इंजिन धापा टाकू लागले होते, तो आवाज किंचितही खाली आला नाही.

"पाय पूर्ण आहे," नाडीवैद्य कुजबुजला. "पूर्ण आहे, बघा."

जावयांनी वेळ लिहायला वही उघडली होती. ते लिहायचे विसरले.

सासरे एकतिसांत अकरावे आले. खाली आल्यावर त्यांनी इंजिन बंद केले, परंतु स्टिअरिंगवरचे हात बराच वेळ उचलले नाहीत. त्यांना कोणी घाई केली नाही. मग त्यांनी चौघांकडे आळीपाळीने पाहिले, आणि गेले चार दिवस ऊठसूट आभार मानणाऱ्या त्या माणसाला ते मानता आले नाहीत.

अहवाल दोन महिन्यांनी आला. जावयांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे: त्यांनी एकोणिसावे पान वाचले आणि त्याच दिवशी मंडळाला पत्र पाठवले की दोष मीच बसवला, आणि तो शोधला माझ्या पत्नीने, ओळखला ट्यूनरने, काढला दंतवैद्यांनी, कृपया दुरुस्ती करावी. मंडळाचे उत्तर दोन ओळींचे होते: अहवाल छापून झाला आहे, सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. छापलेले ते घडलेले, असा या मंडळाचा सिद्धांत दिसतो. मोठमोठी राज्ये याच सिद्धांतावर चालली आहेत, तेव्हा एका मोटार मंडळाला तरी का दोष द्यावा?

वार्षिक सभेत सासऱ्यांना मानद सभासदत्व देण्यात आले. ते व्यासपीठावर चढत असतानाच जावई सभागृहात उभे राहिले आणि सर्वांदेखत म्हणाले की मला आरोपी करा. या चांगल्या माणसाची शेवटची फेरी माझ्यामुळे जाता जाता राहिली, आणि त्यांनी मला एका शब्दाने दुखवले नाही. लोक हळहळले. नाडीवैद्याने डोळे पुसले. दंतवैद्य बाईंनी जावयांच्या पाठीवर हात ठेवला. सासऱ्यांनी माईक हातात घेतला. त्यांचे निवेदन सभेच्या इतिवृत्तात शब्दशः उतरवलेले आहे, आणि मंडळाच्या समस्त कागदपत्रांत विश्वास ठेवावा असा मजकूर तेवढाच आहे:

"जावईबापू, तुम्ही खाली बसा. ती चकती मला गुरुवारीच कळली होती. तुम्ही हातात दिलीत तेव्हाच. चाळीस वर्षं यंत्रांत घालवली. नळीत बूच असलं की पुढे काही जात नाही, एवढं मला समजतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, आत्ता सांगितलं तर दुपारपर्यंत काम आटपेल आणि दोघं घरी जातील. संध्याकाळी सांगू. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, राहतो. मग म्हटलं, उद्या. उद्या नाडीवैद्य आले, डॉक्टर आल्या, खुर्च्या कमी पडायला लागल्या. माझ्याकडे खुर्च्या कमी पडल्या हो! शनिवारी म्हटलं, आता काही झालं तरी रविवारी सकाळी सांगायचं. आणि रविवारी सकाळी पोरगी अशी गप्प बसली होती की माझा धीरच होईना. त्या चढणीवर माझे दोनदा ब्रेक गेलेत, एकदा चाक निघालंय, तेव्हा नाही घाबरलो. त्या दिवशी घाबरलो. रांगेत गाडी बंद पडली तेव्हा मनात म्हटलं, गेली शेवटची फेरी, आणि आपणच घालवली. ती तुम्ही चौघांनी मला परत आणून दिलीत. तेव्हा गुन्हा माझा, आणि आभार तुमचे, चौघांचेही. एकच विनंती आहे. पोरी, जे बोलायचं ते घरी गेल्यावर बोल. इथे माईक चालू आहे."